जनावरांच्या आधी

आमच्या घरात जनावरांच्या आधी माणसाने तोंड उष्टं करायचं नाही, असा आजोबांचा दंडक होता. आजोबा गेले, भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसले. दंडक खालीच राहिला. पहाटे उठून पाणी प्यायलं तर चालायचं. बाकी सगळं धारा निघाल्यावर, वैरण पडल्यावर, दूध केंद्रावर गेल्यावर. लहानपणी मी भुकेची कुरकुर केली की आई म्हणायची, "गाय मुकी आहे, तू नाहीस. मुक्याचं आधी."

शाळेत एकदा मी यावर निबंध लिहिला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

आईचे हात बिघडायला लागले ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती सांगायची नाही. आधी पेरं गरम झाली, मग फुगली. पहाटे मूठ मिटायची नाही, आणि मिटली तर उघडायची नाही. उन्हं वर आली की बोटं हळूहळू सैल व्हायची, पण धारा उन्हाची वाट बघत नाहीत. तेव्हा ती गाईंसाठी पेंड कोमट पाण्यात भिजवायला लागली. घमेल्यात कोपरापर्यंत हात घालून ती बराच वेळ कालवत बसे. बाबा म्हणायचे, "गाईंना आता न्हाणीघरपण बांधून द्या." ती हसायची. पेंड कोमट का लागते, हे मला दोन हिवाळ्यांनंतर कळलं.

ती मुठीने धार काढायची. वरची दोन बोटं सड आवळून धरायची, मग खालची एकेक करून मिटायची, आणि दूध चरवीत एका सुरात पडायचं. अंगठा दुमडून सड ओढणाऱ्यांना ती नावं ठेवायची. "सड आहे तो, विहिरीचा दोर नाही." आणि मग एका पहाटे मी तिला अंगठा दुमडून धार काढताना पाहिलं. मी आल्याचं कळताच तिने चरवी उचलली आणि गाईच्या पलीकडे जाऊन बसली.

गाईंना ते चाललं नाही. बिथरी नावाची एक गाय होती, नावाप्रमाणेच. तिने लाथ मारून चरवी सांडली. दुसऱ्या गाईने, थोरलीने, लाथ मारली नाही, पण तिच्या कासेत दूध राहायला लागलं.

केंद्रावर माप घेणाऱ्याला सगळे मापाड्या म्हणत. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एकदा रांगेत दहा-बारा माणसं असताना त्याने आमच्या कॅनमध्ये माप बुडवलं आणि म्हणाला, "काकू, दूध पातळ नाही, चांगलं आहे. पण कमी आहे. गाय आटली का तुम्ही आटलात?"

रांग हसली. आईनेही हसल्यासारखं केलं. कॅनचं झाकण तिला लावता येईना. ती तळहाताच्या बुंध्याने त्यावर दाबत राहिली, आणि शेवटी मागच्या माणसाने हात पुढे करून ते लावलं. त्या दिवसापासून केंद्रावर मी जायला लागले.

त्याच महिन्यात थोरलीला दगडी झाली. कास लाल, गरम, दगडासारखी कडक. गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले, त्यांनी सुजेचं इंजेक्शन दिलं, सडातून औषध सोडलं आणि बजावलं, "हलक्या हाताने पिळून घ्या, हिला चालवू नका, ओल्यात बसू देऊ नका. आराम द्या."

ते गेल्यावर आई थोरलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पुढच्या जन्मी मी गायच होणार. दगडी झाली तर डॉक्टर घरी येतो, आणि वर आराम सांगून जातो."

बाबा वैरण तोडत होते. त्यांनी वर पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाले, "तुझ्या आईला शहरात दाखवून आण."

सांध्यांचे डॉक्टर थकलेले, सावकाश बोलणारे होते. त्यांनी आईचा एकेक सांधा दाबून पाहिला. ती ओठ मिटून बसली होती. फक्त मनगट दाबलं तेव्हा तिचा पाय चपलेतून बाहेर आला. मग तिला तपासणीसाठी रक्त द्यायला आतल्या खोलीत नेलं आणि डॉक्टर माझ्याशी बोलले. मी शिकलेली, हे त्यांनी ओळखलं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

ते म्हणाले, "हे वयाचं दुखणं नाही. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय. ही गोळी आठवड्यातून एकदाच. ती आजाराला वेसण घालते, पण दोन-तीन महिने गुण दिसणार नाही. तरी सोडायची नाही, आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. ही दुसरी सुजेची आणि दुखण्याची. हिचा गुण आजच्या आज येईल, हात चालतील. पण ही आजार थांबवत नाही, एवढं लक्षात ठेवा. लागेल तेवढीच घ्यायची, पोटात अन्न असताना, आणि सोबत ही पोटाची कॅप्सूल. दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी हिच्याबरोबर नको. पोटात जखम होते, आणि कधीकधी काही न दुखता होते. मूत्रपिंडावर, रक्तदाबावरही लक्ष ठेवावं लागतं."

मी लिहून घेत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि शौचाला काळी झाली, डांबरासारखी, चिकट, तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. वाट बघायची नाही. हे आईंना तुम्ही सांगा. बायका याबद्दल बोलत नाहीत."

ते वाक्य मी लिहिलं नाही. लक्षात राहील असं वाटलं. राहिलंही.

परतताना बस चुकली, म्हणून केंद्राच्या टेम्पोत बसलो. पुढे ड्रायव्हर आणि मापाड्या, मागच्या बाकावर आम्ही दोघी, पाठीमागे रिकामे कॅन खडखडत होते. आईने विचारलं, "काय म्हणाले गं?"

मी सांगायला लागले. ही आठवड्याची, ही रोजची. ही पोट भरलेलं असताना.

"पहाटे कुठलं पोट भरलेलं? मला बोटं पहाटे लागतात."

"मग आधी थोडं दूध पी."

"गाईंच्या आधी? तुझे आजोबा फोटोतून खाली उतरतील."

मापाड्या हसला. मीही हसले. "आणखी?" आईने विचारलं.

आणखी एक वाक्य होतं. पण समोर दोन पुरुष बसले होते, त्यातला एक मापाड्या, आणि वाक्य शौचाचं होतं. मी म्हटलं, "आणखी काही नाही. बाकी घरी सांगते."

घरी पोचलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग रोजचे दिवस सुरू झाले. न सांगितलेलं वाक्य नंतर सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागतं. ते मी टाळत गेले, आणि टाळता टाळता विसरल्यासारखं वागायला शिकले.

गोळीने काय दिलं तेही सांगितलं पाहिजे. नाहीतर हे सगळं एका विषाची गोष्ट होईल, आणि ती तशी नव्हती.

तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यातून आईची हाक आली. मी धावत गेले. ती बिथरीखाली बसली होती आणि दूध एका सुरात पडत होतं. "ऐक," ती म्हणाली. एवढंच. चरवीत फेस वर येत होता. बिथरी डोळे अर्धे मिटून रवंथ करत होती.

त्या दुपारी आईने मला ओट्यावर बसवलं आणि माझी वेणी घातली. मी चोवीस वर्षांची घोडी. पण तिने पाच वर्षांत कुणाच्या केसांना हात लावला नव्हता. ती घट्ट वेणी घालायची, कपाळ ताणलं जाईल इतकी. "दुखतंय," मी म्हटलं. "दुखू दे," ती म्हणाली, "मला दुखत नाहीये ना." शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "काय, मुलीला शाळेत घालताय की काय परत?" आई खदखदून हसली. तिला तशी हसताना मी विसरले होते.

दोन वर्षं तिचे हात चालले. केंद्रावर ती स्वतः जायला लागली. मापाड्याला म्हणाली, "बघ रे, कोण आटलं ते."

आठवड्याची गोळी मात्र सुटली. दोन महिने घेतली, गुण दिसेना. आणि रक्त तपासायला शहरात जायचं म्हणजे सकाळची धार कुणाच्या तरी हवाली करायची. "जिचा गुण दिसतो ती घेतेय की," ती म्हणायची. मी चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा नाही. पोटाची कॅप्सूल एकदा गावातल्या औषधवाल्याकडे नव्हती. पुढच्या वेळी विचारायचं राहिलं. त्यानंतर मी विचारलंच नाही. दुखण्याची गोळी तेवढी तो मला बघूनच काढून ठेवायचा.

आणि रोज पहाटे ती रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, आजोबांच्या फोटोखाली उभी राहून ती गोळी घ्यायची. मी बघायचे.

शेवटच्या हिवाळ्यात तीन गाई पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने व्यायल्या. आधी बिथरी, मग लहानी, मग थोरली. गोठ्यात दुधाचा नुसता लोट. थंडी अशी होती की पहाटे दावणीची साखळी हाताला झोंबायची. आईची बोटं पुन्हा आखडायला लागली. आजार आतल्या आत पुढे सरकतच होता. गोळीने फक्त त्यावर पांघरूण घातलं होतं. तिने एकीच्या तीन केल्या. सकाळी दोन, संध्याकाळी एक.

बाबांची कंबर जुनी दुखरी होती. औषधवाल्याकडून ते त्यांच्या लाल गोळ्या आणायचे. माझे वडील प्रेमाने बोलणारे नव्हेत. आयुष्यात त्यांनी आईला कधी काही आणून दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या थंडीत एका दुपारी ती ओट्यावर बोटं काखेत दाबून बसली होती. ते आले, खिशातून पाकीट काढलं, एक गोळी दातांनी मधोमध तोडली आणि अर्धी तिच्यापुढे धरली.

"घे. माझ्या कमरेला हिचा गुण येतो."

"आणि तुम्हाला?"

"मला अर्धी पुरते."

तिने ती घेतली. लाजली असावी, कारण तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. मी दारात पुस्तक घेऊन उभी होते. दुसरी कुठलीही गोळी हिच्याबरोबर नको, हे मला पाठ होतं. पण मला ते दोघं इतके छान दिसले की मी आत निघून गेले. त्यानंतर रोज दुपारी ते गोळी तोडायचे, आणि तिची अर्धी कोनाड्यात ठेवून शेतावर जायचे.

याच दिवसांत मला पत्र आलं. शहरातल्या एका शाळेत ग्रंथपालाची जागा. पहिल्या तारखेला हजर व्हायचं. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं अर्ज करत होते, ती गोष्ट. मी पत्र बाबांपुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"आईचे हात चालतायत तोवर जा खुशाल," ते म्हणाले. "नाही चालले तर मग गोठा कुणी बघायचा? मला धार येत नाही."

"चालतायत की," आई म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे करून मुठी मिटल्या आणि उघडल्या. "बघा. जाऊ दे तिला."

मी ते हात बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याकडे हात म्हणून बघत नव्हते.

आमचा संडास परसात होता, खड्ड्याचा. आत वरून टाकायला चुलीतल्या राखेची बादली असे. एरवी ती बादली आठवडाभर पुरायची. त्या महिन्यात दर दोन दिवसांनी रिकामी व्हायला लागली. कांद्याच्या वाफ्यांवर टाकायला बाबांना राख मिळेना.

"दूध चोरणारे पाहिले, कडबा चोरणारे पाहिले," जेवताना ते म्हणाले. "राख चोरणारा चोर पहिल्यांदाच बघतोय."

मी हसले. आई ताट उचलून आत गेली. तिच्या ताटात बरंच उरलं होतं.

ती पांढरी पडत चालली होती. गोठ्यातून घरात येईपर्यंत मध्ये एकदा थांबायची, खांबाला टेकायची, आणि मग कुणी बघत असलं तर खांबावरचं काहीतरी निरखल्यासारखं करायची. आरोग्यसेविकेने तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या ती घेत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेण वाचण्यात आईचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. सकाळी गोठा झाडताना ती प्रत्येकीचं शेण बघून पुढे जायची. "गाय बोलत नाही, पण रात्रभरात सगळं सांगून ठेवते," म्हणायची. काही वर्षांपूर्वी लहानीने वैरणीतून तारेचा तुकडा गिळला होता. कुणालाच माहीत नव्हतं. आईने सकाळी शेण पाहिलं, काळं, चकचकीत, काडीने उकरलं, वाकून वास घेतला, आणि बाबांना म्हणाली, "डॉक्टरला बोलवा. आतून रक्त जातंय." गुरांचे डॉक्टर नंतर म्हणाले होते, "ताई, तुम्ही एक दिवस उशीर केला असता तर गाय गेली असती."

तर पहिल्या तारखेच्या आठ दिवस आधीची दुपार. मी माझ्या पेटीत पुस्तकं भरत होते. आई दाराशी येऊन बसली. तिने एक पुस्तक उचललं, उगीच धूळ झटकली.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "त्या गोळीने... रंग उतरतो का गं? म्हणजे बाहेरचा. डॉक्टर तसं काही म्हणाले होते का?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं. माझ्याकडे बघत नव्हती. मला वाढवलेल्या बाईला माझ्यापुढे तो शब्द उच्चारता येत नव्हता.

मला कळलं. कळलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. पण मला त्याच क्षणी कळलं, राखेची बादलीसुद्धा कळली. टेम्पोतलं ते वाक्य शब्दन् शब्द माझ्या तोंडाशी आलं. आणि त्याच्यामागून सगळं दिसलं: गोळी बंद, दवाखाना, आखडलेली मूठ, तीन ताज्या व्यायलेल्या गाई, आणि माझी उघडी पेटी.

"नाही, तसलं काही नाही म्हणाले," मी म्हटलं. "ते रक्तवाढीच्या गोळ्यांनी होतं. लोह असतं त्यांत."

हे पुस्तकात वाचलेलं होतं आणि खोटं नव्हतं.

"हां," आई म्हणाली. तिचा चेहरा मोकळा झाला. "मला वाटलं... जाऊ दे. तू शिकलीस ते बरं झालं बाई. मी उगीच लहानीसारखं समजून घाबरत होते."

ती उठली. उठताना दाराची चौकट धरली. "ते जाड पुस्तक खाली ठेव," म्हणाली, "नाहीतर पेटी बंद व्हायची नाही."

चार दिवसांनी सकाळच्या धारेला ती थोरलीखालून बाजूला कलली. आवाज झाला नाही. चरवी तेवढी सांडली. मी वैरण घेऊन आले तेव्हा दूध गटारीतून वाहत होतं, आणि शेजारी बांधलेली बिथरी मान लांबवून तिच्या खांद्याचा वास घेत होती. आईच्या लुगड्याला मागून डाग होता. काळा. मी तिच्यावर माझी शाल टाकली. बाबा धावत येत होते, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की त्यांना तो डाग दिसू नये.

केंद्राच्या टेम्पोतूनच तिला नेलं. मापाड्याने कॅन रस्त्यावर उतरवून ठेवले, मागे गोणपाटं अंथरली. 

दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, माझ्याहून लहान असेल. तिने आईच्या पापण्या ओढून पाहिल्या, पोट दाबलं, बाटल्या लावायला सांगितलं. मग माझ्या हातातल्या पिशवीतून गोळ्या काढल्या. एक पाकीट. दुसरं पाकीट, बाबांचं लाल.

"ही दोन्ही एकदम घेत होत्या? ही एकाच जातीची औषधं आहेत." आणि मग, "शौचाला काळी होत होती का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"होत होती," आई खाटेवरून म्हणाली. आम्हाला वाटलं होतं ती शुद्धीवर नाही. "थोरली व्यायली तेव्हापासून."

"म्हणजे किती दिवस?"

"तीन आठवडे," बाबा म्हणाले.

"तीन आठवडे!" डॉक्टरीण चिडली, आणि तिचं चिडणं बरोबर होतं. "मग आला का नाहीत? या गोळ्या दिल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का? हे सगळ्यांना सांगतात."

खोलीत आणखी दोन खाटा होत्या. सगळे ऐकत होते. आईने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. तिला तेव्हा समजलं असावं. शेण वाचणारी बाई ती. माझा चेहरा तिला काय अवघड होता?

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "ह्या पोरीने सगळं सांगितलं होतं मला. मीच मनावर घेतलं नाही."

डॉक्टरीण नर्सकडे वळून काहीतरी पुटपुटली. ही माणसं ऐकतच नाहीत, असं काहीतरी. आईने ते ऐकलं आणि डोळे मिटले. मी तिचा हात हातात घेतला. सांधे गरम होते, बोटांची टोकं थंड. मी काहीच म्हटलं नाही. मला अजून दीड दिवस मिळाला, त्यातही म्हटलं नाही. पोटातली जखम मोठी होती, अंगात रक्त उरलं नव्हतं, दिलेलं टिकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

शाळेला कळवलं. मुख्याध्यापकांचं उत्तर आलं, फार चांगल्या शब्दांत. मातृशोक समजू शकतो, सावकाश हजर व्हा, एक महिना मुदत वाढवत आहोत. म्हणजे आईच्या मरणाने मला मुदत मिळाली.

शेजारची काकू दोन्ही वेळा येऊन धारा काढून देत होती. अंगठा दुमडून. दूध निम्म्यावर आलं होतं. बिथरीच्या पायाला दोरी बांधावी लागायची. तिसऱ्या आठवड्यात काकूला माहेरी जायचं होतं, म्हणून त्या पहाटे मी गोठ्यात जायला उठले. पाण्यासाठी स्वयंपाकघरात आले तर बाबा कोनाड्यापुढे उभे होते.

कोनाड्यात लाल गोळीचा एक अर्धा तुकडा होता. आई पडली त्याच्या आदल्या दुपारचा, तिचा. तो कुणी हलवला नव्हता. बाबांच्या दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता.

"कंबर धरलीये," ते म्हणाले. "वैरण कापायचीये." त्यांनी तुकडा उचलला. तळहातावर घेऊन बघत राहिले. "अर्धीच होती ना गं रोज. माझ्या अर्ध्या गोळीने काही झालं नसेल."

ते विचारत नव्हते, किंवा विचारत होते. मी "नाही" म्हणू शकत होते. हा शब्द मला चांगला येत होता; आणि या वेळी तो दयेचा दिसला असता. म्हाताऱ्या माणसाच्या उरल्या दिवसांवर घातलेलं पांघरूण. बाबांनी तळहात तोंडाकडे नेला.

मी त्यांचं मनगट धरलं. मोठी झाल्यापासून मी त्यांना हात लावला नव्हता.

"रिकाम्या पोटी नको," मी म्हटलं. "आधी खा."

"अजून गाई..."

"गाई थांबतील."

मी आदल्या दिवसाचा पाव काढला, दूध गरम केलं, त्यांना पाटावर बसवलं. आजोबांचा फोटो समोरच होता. बाबांनी पाव दुधात बुडवला, आणि तो तसाच हातात राहिला. दूध थेंब थेंब ताटात पडत होतं.

"का?" ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं. आधी टेम्पोतलं वाक्य, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं, त्या शब्दासकट. मग पोटाची कॅप्सूल. मग दोन गोळ्या एकत्र नकोत हे मला ठाऊक होतं, आणि ते गोळी तोडत होते तेव्हा मी दारात उभी होते, ते. मग पेटी भरत होते ती दुपार. तिने काय विचारलं आणि मी काय म्हटलं. दवाखान्यात ती जे बोलली ते खोटं होतं, हे सगळ्यात शेवटी.

बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी बघत राहिले. तो आला नाही. त्यांनी लाल तुकडा ताटाच्या कडेला ठेवला, बोटाने थोडा दूर सरकवला, आणि त्या बोटाकडे बघत बसले.

"मी राखेची चेष्टा केली," ते म्हणाले.

गोठ्यात बिथरी हंबरली. मग लहानी. साखळ्या वाजायला लागल्या. आम्ही दोघंही उठलो नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी भिजलेला पाव तोंडात घातला. तो चावायला त्यांना फार वेळ लागला.